सड्यावर काहीच नसतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी

कोकणाबद्दल एक प्रश्न दर मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतंच. तिकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो ना, मग वाड्यांवर टँकर कशाला लागतो? दुसरीकडे बातम्यांत कातळशिल्पं येतात, म्हणजे सड्यांच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. मग २०२३ चा एप्रिल आला, राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावातल्या बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, आणि बाहेरून बघणाऱ्या कित्येकांना कळेना की एवढ्या ओसाड कातळासाठी ही माणसं का भांडतायत.

पाणी, शिल्पं, रिफायनरी, या तिन्ही बातम्या खरं तर एकाच दगडाच्या आहेत. तो दगड कसा झाला एवढं समजलं की बाकीचं आपोआप सुटत जातं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सडा म्हणजे नेमकं काय

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एखादी घाटी चढून वर गेलात की शिखर लागत नाही, लागतं एक लांबच लांब सपाट मैदान. पायाखाली काळपट तांबडा दगड, त्याला भोकं भोकं, कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. हाच सडा, कुठे नुसतं कातळ म्हणतात. घाटावर गेलं की त्याचं पठार होतं. साताऱ्याचं कास, पाचगणीचं टेबल लँड ही याच खानदानातली मंडळी, फरक उंचीचा, कास समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आणि कोकणातले सडे बरेचसे शंभर-दोनशे मीटरवर.

दगड जांभा. आता हा जांभा कसा झाला ते बघा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून आपला काळा पाषाण तयार झाला, त्यावर मग लाखो वर्षं धो धो पाऊस आणि कडक ऊन आलटून पालटून पडत राहिलं. चहाच्या गाळणीत तीच पावडर ठेवून वरून गरम पाणी ओतत राहिलात तर रंग, चव सगळं खाली उतरतं आणि गाळणीत नुसता चोथा उरतो ना, तसंच झालं. दगडातली वाळूची सिलिका, चुना, मॅग्नेशियम, पालाश हे सगळं पाण्याबरोबर निघून गेलं आणि जे विरघळत नाही ते लोह आणि ॲल्युमिनियम तिथंच बसलं. लोह गंजलं म्हणून दगड तांबडा. ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथे बॉक्साइट झालं, आणि बॉक्साइट आहे म्हटलं की खाणवाले आलेच.

हे ‘चोथा’ प्रकरण लक्षात ठेवा, कारण झाडांना जे खाद्य लागतं तेच नेमकं निघून गेलेलं आहे आणि सड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक विचित्र गोष्टीचं कारण तेच आहे.

अजून एक. हा दगड जमिनीच्या पोटात असताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. म्हणून तर चिरे, म्हणजे बांधकामाचे ठोकळे, कापता येतात आणि त्याच चिऱ्यांचं घर पिढ्यानपिढ्या टिकतं. सड्याचा सगळ्यात वरचा थर असाच उघड्यावर राहून राहून घट्ट झालेला आहे, एक प्रकारचं कवच म्हणा. पुढे सारखं कवच कवच येईल, ते हेच.

मग पाणी जातं कुठं

वर कवच, त्याला भेगा आणि खळगे. त्याच्याखाली सच्छिद्र जांभा, आत नळ्या नळ्या असलेला. त्याच्याही खाली पांढरट-पिवळसर चिकण माती, आणि तळाला मूळ काळा दगड.

पाऊस पडला की थोडं पाणी वरच्या खळग्यांत साचतं, बरंच वाहून जातं, आणि काही भेगांतून आत शिरतं. जांभ्यातून ते भराभर खाली जातं पण चिकण मातीपाशी येऊन अडतं, कारण त्या मातीतून पाणी सहजासहजी जात नाही. मग ते आडवं सरकायला लागतं आणि सड्याच्या उतारावर जिथे हे दोन थर उघडे पडतात तिथे झरा होऊन बाहेर येतं. कोकणातल्या वाड्या बघा, सड्याच्या माथ्यावर फारशा नसतात, पायथ्याला किंवा उताराच्या खोबणीत असतात, शेजारी एखादा पऱ्या म्हणजे ओढा, वर कुठेतरी झरा, खाली विहीर आणि पोफळीची बाग. जुन्या लोकांनी भूगर्भशास्त्र शिकलं नव्हतं पण पाणी कुठून येतं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

टँकरचं उत्तरही इथेच आहे. जांभा पाणी आत घेतो पण फार दिवस धरून ठेवू शकत नाही, सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम ५०-६० किलोमीटर, नद्या आखूड, उतार तीव्र. जून ते सप्टेंबरमध्ये जे आलं ते झऱ्यांतून हळूहळू बाहेर पडत पडत मार्च-एप्रिलपर्यंत पुरायचं आणि मे महिना ओढाताणीचा, हे आधीपासूनच असं आहे. म्हणजे मुळातच काठावरचा हिशोब. त्यात वरचं कवच फोडलं, उतार कापून रस्ता काढला, खाण खोदून पाण्याची आडवी वाट मध्येच तोडली, की हिशोब कोलमडतो. झरा एकदम बंद पडेलच असं नाही, कधी तो दुसरीकडेच निघतो, कधी डिसेंबरातच आटतो, आणि खालच्या वाडीला कळतही नाही की वर सड्यावर तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं त्याचा हा परिणाम आहे. कारण वर, त्रास खाली, दोघांच्या मध्ये काही वर्षं, त्यामुळे भांडायचं कोणाशी तेच समजत नाही.

‘पण तिथे काही उगवतच नाही ना?’

मे महिन्यात सड्यावर गेलात तर मीही हेच म्हणेन. दगड इतका तापलेला असतो की अनवाणी उभं राहवत नाही, गवत वाळून कोळ झालेलं, सावली नाही.

जूनमध्ये जा. पहिले दोन-चार पाऊस झाले की रत्नागिरीच्या कातळांवर दीपकाडी येते, पांढरी नळीसारखी खाली झुकलेली फुलं, मोजके दिवस दिसते आणि संपते. ही प्रदेशनिष्ठ वनस्पती आहे, म्हणजे जगात फक्त ठरावीक भागातच सापडणारी, आणि हिचा भाग म्हणजे हे कोकणातले कातळसडे. इथून गेली की कुठूनच आणता येणार नाही. मग पाणी साचलं की पांढऱ्या बटणांसारखे गेंद, निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे, तेरडे, पिवळा कवला जो फोटोवाल्यांमध्ये मिकी माउस म्हणून फेमस आहे, आणि कासला टोपली कारवी, जी सात वर्षांतून एकदा सगळीच्या सगळी फुलते. एकट्या कासवर फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या वर जाती नोंदल्या गेल्यात. दिवाळीपर्यंत सगळं आवरलेलं असतं, वर्षभराचा संसार चार महिन्यांत.

आता तो चोथा आठवा. मातीत नायट्रोजन अगदी कमी, खाद्य जवळजवळ नाही, मग ही झाडं जगतात कशावर? सीतेची आसवं दिसायला नाजूक पण कीटकभक्षी आहेत, जमिनीखाली बारीक फुगे असतात त्यात सूक्ष्म जीव ओढून घेतात आणि पचवतात. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते. मातीतून मिळत नाही म्हणून हवेतून-पाण्यातून शिकार करायची ही पद्धत. या झाडांना चांगली कसदार माती दिलीत तर ती आनंदाने वाढतील असं वाटत असेल तर उलट होतं, कसदार माती आली की उंच गवत आणि झुडपं येतात आणि या बुटक्या मंडळींना ऊनच मिळत नाही. गरिबी हाच त्यांचा आधार आहे.

प्राण्यांचंही तसंच. कातळातल्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात कोळंबीच्या जातकुळीतले नखाएवढे जीव दिसतात, त्यांची अंडी आठ महिने तापलेल्या कोरड्या मातीत पडून असतात आणि पाणी आलं की फुटतात. आंबोलीच्या सड्यावर एक छोटा भेक आहे, अंगावर वाघासारखे पट्टे, २००९ मध्ये तो नवीन जात म्हणून जगासमोर आला. तो सुट्या दगडांखाली राहतो आणि पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. त्याच्यासाठी सडा म्हणजे दगड अधिक डबकं, बस्स. फिरायला आलेल्यांनी दगड गोळा करून एकावर एक रचले, फोटो काढला आणि निघून गेले तर त्याचं घरच गेलं. (दगडांचे असे मनोरे रचायची फॅशन कुठून आली देव जाणे, पण प्लीज नका करू.)

‘ओसाड जागेवर झाडं लावली तर वाईट काय?’

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा चांगल्या मनाने विचारतो, म्हणून उत्तर नीट देतो.

आपल्या डोक्यात एक शिडी बसलेली आहे, सगळ्यात खाली दगड, मग गवत, मग झुडूप, आणि सगळ्यात वर जंगल. त्यामुळे जिथे जंगल नाही तिथे ते तोडलं गेलं असणार आणि परत लावलं की पुण्य. काही ठिकाणी हे खरं आहे, सड्याच्या कडेच्या उतारांवर तर नक्कीच, तिथली झाडं तुटलीत आणि तिथे लावायलाच हवीत. पण भर कातळावर मोठं जंगल नव्हतंच, तिथे मुळांना जायला जागाच नाही. मग तिथे लावताना काय करतात, तर कातळ फोडून खड्डे घेतात, बाहेरून माती आणतात, आणि जगेल असं झाड म्हणून आकेशिया किंवा गिरिपुष्प लावतात. आकेशिया जगतोही. त्याच्या पानांचा जाड थर खाली पडतो, कुजतो, माती कसदार व्हायला लागते, आणि वर सांगितलं ते सगळं सुरू होतं. पाच जूनला, पर्यावरण दिनी, फोटो येतो पाच हजार झाडं लावल्याचा. आधी तिथे काय होतं ते कोणी मोजलेलंच नसतं.

आंब्याचं जरा वेगळं आहे आणि इथे मला एकतर्फी बोलायचं नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, सरकारने लागवडीचा खर्च उचलला आणि कोकणात हापूस-काजूच्या बागा झपाट्याने वाढल्या. त्याने हजारो घरं उभी राहिली, मुलं शिकली, हे नाकारणारा माणूस कोकणातला नसावा. पण पहिल्या बागा उतारावरच्या मातीत होत्या, आता चांगली जागा संपल्यावर लोक भर कातळावर चढलेत, सुरुंग लावून किंवा ब्रेकरने खड्डे पाडून, ट्रकने माती आणून. अशा बागेला उन्हाळ्यात पाणी लागतं ते खालून पंपाने वर चढवायचं, शिवाय फवारणीचं औषध पावसात धुपून त्याच खळग्यांत आणि भेगांत जातं, आणि भेगांतलं पाणी कुठे निघतं ते वर सांगितलंच आहे. त्यामानाने सड्यावरच्या खोलगट जागेत पावसाळ्यात होणारी नाचणी-वरईची किंवा भाताची शेती सड्याला फारशी खुपत नाही, कारण ती पाणी साचायचं तिथे साचू देते.

‘खाण संपली की खड्डा बुजवून टाकायचा’

चिरा हे कोकणचं घर आहे, चिरे काढूच नका म्हणणारा स्वतः काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये राहत असतो बहुतेक वेळा. हाताने टिकाव मारून गावापुरते चिरे काढणं वेगळं आणि मशिनने एकराच्या एकर कापून ट्रक भरभरून बाहेर पाठवणं वेगळं. मशिनची खाण एका जागी कवच तर काढतेच, पण खाली जाता जाता जांभ्याचा थरच संपवते, म्हणजे जो थर पाणी वाहून नेतो तोच गायब. मग त्या चौकोनी खड्ड्यात पावसाचं हिरवट पाणी साचतं, लोकांना वाटतं चला तळं झालं, पण झऱ्याला जाणारं पाणी तेच होतं.

बुजवायचं म्हटलं तर कशाने? मातीने बुजवलात तर मातीची जमीन होईल, सडा होणार नाही. कवच बनायला किती काळ लागतो याचा अंदाज हवा असेल तर कातळशिल्पं बघा. राजापूर तालुक्यात कशेळीला जवळजवळ १८ मीटर लांब हत्ती कोरलाय, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. कुठे गेंडा आहे, पाणघोडा आहे, जे आज कोकणात कुठेच नाहीत. शिल्पांच्या नेमक्या वयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण ती हजारो वर्षं जुनी आहेत यावर फारसा वाद नाही. रेषा कातळात उथळच कोरलेल्या. आणि एवढ्या हजारो वर्षांत, एवढे पावसाळे जाऊनही, कातळाने त्या रेषा भरून काढलेल्या नाहीत. नवीन कवच धरलेलं नाही. मग जेसीबीच्या दातांचा चर भरून यायला किती पिढ्या थांबायचं?

पवनचक्क्यांमुळे तर काही होत नाही ना?

धूर नाही, खाण नाही, वारा फुकट, त्यामुळे हा सगळ्यात सभ्य प्रकल्प वाटतो, आणि कोळशापेक्षा तो नक्कीच चांगला आहे. पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, तो मजेशीर आहे. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी साधारण चारपटीने कमी होते, आणि पक्षी कमी म्हणून तिथे सरडे जास्त. गळ्याखाली रंगीत पंखा असलेले हे देखणे सरडे, पण संख्या वाढल्यामुळे खाण्यासाठी स्पर्धा, म्हणून ते बारीक, आणि भीती कमी झाल्यामुळे माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. म्हणजे वर फिरणाऱ्या पात्याचा परिणाम खाली सरड्याच्या स्वभावापर्यंत पोचला. याचा अर्थ पवनचक्क्या नकोत असा मी काढत नाही. पण प्रत्येक पातं उभं करायला पठारावरून रुंद रस्ता लागतो, आणि तो कुठून न्यायचा हे ठरवताना खळगे, पाण्याच्या वाटा कोणी नकाशावर मांडतं का, हा माझा प्रश्न आहे.

आणि आपण पर्यटक

कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं आणि सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी तिथे जत्रा भरायला लागली. गाड्या, मॅगीचे स्टॉल, फुलांत लोळून काढलेले फोटो. पाऊल पडलं की फूल मोडतं हे दिसतं, पण ओल्या मातीचा तो बोटभर थर दाबला जातो आणि त्यात पुढच्या वर्षाचं बी असतं, हे दिसत नाही. मग बुकिंग आलं, रोजच्या माणसांवर मर्यादा आली, कुंपणही घातलं गेलं. कुंपणाने मात्र गुरंही बाहेर राहिली, गवत वाढायला लागलं, आणि स्थानिक लोक म्हणायला लागले की गुरं चरत होती तेव्हा फुलं जास्त होती. शेवटी ते कुंपण काढायचं ठरलं. गुरं चरू द्यायची, पण किती आणि कधी, हे ठरवायला आधी चारणाऱ्याला विचारावं लागतं. माणूस पूर्ण काढून टाकला की निसर्ग आपोआप सुखी होतो हे गणित इथे तरी चुकलं.

‘मालकाने मग काय दगड खायचे?’

सगळ्यात रास्त आक्षेप हाच. कासचं पठार वनखात्याकडे आहे, पण कोकणातले बरेचसे सडे खाजगी मालकीचे आहेत, एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, त्यातली अर्धी मुंबईत. सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी क्षेत्र, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या कातळाला स्वतंत्र रकाना आहे. सरकारी कागदच जर म्हणतोय की ही जमीन बिनकामाची, तर चांगला भाव देणारा दलाल आल्यावर मालकाने नाही का म्हणावं? पूर्वी सड्याचं गवत गुरांना लागायचं, ते कापून गंज्या रचायचे, आता गुरंच उरली नाहीत. उरलंय ते उभं वाळलेलं गवत आणि दरवर्षीचे वणवे.

त्यामुळे ‘सडे वाचवा’ असं मुंबईत बसून ओरडण्याला माझ्या मते काडीची किंमत नाही, जोपर्यंत पायथ्याच्या वाडीच्या पाण्याचे पैसे किंवा मोबदला माथ्यावरच्या मालकापर्यंत पोचत नाही. अशी सोय आज सरळ कुठल्या योजनेत बसत नाही. जे आहे ते एवढं, की २००२ च्या जैवविविधता कायद्यात ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे, आणि एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी एका छोट्याशा माशासाठी २०२१ मध्ये फक्त २.११ हेक्टर जागा अशी जाहीर झाली, म्हणजे त्यासाठी अख्खा तालुका गोठवावा लागला नाही.

तर गावाला जाल तेव्हा ग्रामपंचायतीत ती नोंदवही मागून बघा. त्यात आंबा, काजू, फणस, बिबट्या हे सगळं असेल. सड्यावरची दीपकाडी आणि खळग्यांची नोंद आहे का ते बघा, नसेल तर जूनमध्ये जाऊन एक फोटो, तारीख, सर्व्हे नंबर, आणि खाली कुठला झरा किंवा विहीर आहे त्याचं नाव एवढं लिहून समितीकडे द्या. आणि सड्यावर ‘सी व्ह्यू प्लॉट’ घ्यायचा विचार असेल तर एजंटला समुद्राबद्दल विचारून झालं की एकदा हेही विचारा, या प्लॉटचं पाणी कुठल्या वाडीला जातं.